गियर कोणता होता

डिंगोरे,
३ फेब्रुवारी १९९५

नानासाहेब साडूभाऊ,
सप्रेम जयभीम.

तुमचा सत्कार झाल्याचं कळलं. तुम्ही कळवलं नाही, घरातूनच कळलं. झुंबर परवा शिनोलीहून आली ती चपला काढायच्या आधीच सुरू झाली. ताईच्या घरी भिंतीला मानपत्र लागलंय, त्याच्या शेजारी बक्षिसाचं घड्याळ लागलंय, डिझेल वाचवण्यात दाजी सलग दुसऱ्या वर्षी विभागात पहिले आले. मी जेवायला बसलो होतो. तिचं सांगून होईपर्यंत एकच घास तोंडात फिरत राहिला. असो, अभिनंदन करतो.

आपण दोघं एकाच वर्षी एसटीत ड्रायव्हर म्हणून लागलो. एकाच घरच्या दोन बहिणी आपण केल्या. तुम्हाला भीमाशंकरचा घाट मिळाला, मला माळशेजचा. खाकी तीच, इंजिनही त्याच जातीचं. तरी दहा लिटर डिझेलात तुमची गाडी अठ्ठेचाळीस किलोमीटर जाते आणि माझी चव्वेचाळीसच्या वर सरकत नाही. याला काय म्हणावं? तुमच्या नावातच साहेब आहे म्हणून गाडी तुम्हाला घाबरत असेल.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. साडूचं कौतुक ऐकून वाईट वाटणारा माणूस चांगला नव्हे हे मला कळतं, पण वाटलं ते वाटलं. त्यात पुढच्या वर्षी विभागाच्या प्रशिक्षण शाळेत प्रशिक्षकाची एक जागा भरणार आहेत. तुम्ही अर्ज केला, मीही केला. नव्या ड्रायव्हरांना घाटात गाडी कशी चालवायची ते शिकवायचं काम. मला ती जागा हवी आहे, नानासाहेब. तुमच्याइतकीच किंवा जास्तच हवी आहे. आमच्या घरी एकदा तरी कुणी म्हणावं, की नवनाथकडून शिका.

तेव्हा विचारतो, तुमची युक्ती काय आहे? सांगण्यासारखी असेल तर सांगा. आक्कांना नमस्कार.

तुमचा,
नवनाथ

•

शिनोली,
१९ फेब्रुवारी १९९५

नवनाथराव,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटल्याचं सरळ लिहिलंत, ते बरं केलंत. मी नसतं लिहिलं.

लपवण्यासारखी युक्ती काहीच नाही. मी ब्रेक कमी मारतो. प्रत्येक ब्रेक म्हणजे डिझेल जाळून मिळवलेला वेग चाकात गरम करून फेकून देणं. घोडेगावच्या स्टँडवर थांबायचं असेल तर मी पाव किलोमीटर आधीच पाय उचलतो. गाडी आपल्या वजनाने पुढे जात राहते आणि दारात जाऊन उभी राहते. शेजारी दुधाची भरलेली चरवी ठेवली आहे असं समजून चालवा, चार-सहा महिन्यांत फरक दिसेल.

दुसरी गोष्ट उताराची. आपले बहुतेक लोक उताराला न्यूट्रल करतात आणि डिझेल वाचलं म्हणतात. सपाटीवरच्या हलक्या उताराला थोडं वाचतही असेल. घाटात मात्र ते चूक आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटं होतं, पण बंद होत नाही, आणि सुरू राहायचं म्हणजे त्याला प्यायला लागतंच. गियरमध्ये ठेवून पाय उचलला तर चाकंच इंजिनाला फिरवतात. त्या वेळी इंजिनाचा पंप डिझेल सोडायचं बंद करतो, एक थेंबही जात नाही. शिवाय इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, त्यामुळे ब्रेक थंड राहतात. ज्या गियरमध्ये घाट चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं. आमच्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिकने पंप उघडून मला हे दाखवलं, तेव्हा पंधरा वर्षांचं माझंच अज्ञान मला कळलं.

जागेसाठी तुम्ही अर्ज केला हे चांगलं झालं. दोघांपैकी कुणालाही मिळाली तरी घरातच राहील.

आपला,
नानासाहेब

•

डिंगोरे,
१६ एप्रिल १९९५

नानासाहेब,
जयभीम.

जयंतीला तुम्ही येणार म्हणून पोरं वाट पाहत होती. ड्यूटी लागली असेल. तुमच्यासारख्या माणसाला सुट्टी देणं डेपोला परवडत नसेल.

तुमचा धडा वाचला. इंजिन सुरू, गाडी पळते आहे आणि डिझेल मात्र एक थेंबही जात नाही, हे मी इथे चार जणांना वाचून दाखवलं. चौघेही हसले. नानासाहेब, मी काही काल स्टिअरिंग धरलेलं नाही. मिरवणुकीत घोडेगावचे पावणे भेटले होते. ते म्हणाले, तुमच्या साडूच्या गाडीत उताराला एवढं शांत वाटतं की डोळा लागतो. आता शांत कधी वाटतं, ते तुम्हीही जाणता आणि मीही. गियर काढला की शांत वाटतं.

खरी युक्ती सांगायची नसेल तर तसं म्हणा, रागावणार नाही. पण मला पंपाच्या गोष्टी सांगून पोराटोरांसारखं समजावू नका. जागा एक आहे आणि उमेदवार दोन आहेत, एवढं दोघांच्याही ध्यानात असू द्या.

नवनाथ

•

शिनोली,
२१ मे १९९५

नवनाथराव,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, कारण मन ठिकाणावर नव्हतं. तुमच्या पत्रानंतर आठ-दहा दिवसांनीच माझ्याविरुद्ध विभागात एक निनावी पत्र आलं. नानासाहेब भीमाशंकरच्या घाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात, प्रवाशांच्या जिवाशी खेळून बक्षिसं मिळवतात, अशा माणसाला प्रशिक्षक करू नये, असं त्यात होतं.

मला कुणी काही विचारलं नाही. एक निरीक्षक साहेब तीन दिवस माझ्या गाडीने देवाला जाणाऱ्या भाविकासारखे डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरले. चौथ्या दिवशी डेपोत बोलावून त्यांनी पत्र पुढे ठेवलं. मी ते उभ्यानेच वाचलं. एकवीस वर्षांत माझ्याबद्दल असा कागद कधी आला नव्हता. साहेब म्हणाले, घाबरू नका, उतरताना मी तुमच्या गियरच्या दांड्यावरच डोळा ठेवून होतो. पत्रातलं सगळं खोटं आहे असा शेरा त्यांनी मारला आणि उलट माझी शिफारस वर पाठवली.

म्हणजे झालं ते बरंच झालं म्हणायचं. पण घरी जानका दोन दिवस जेवली नाही. आपलं वाईट चिंतणारं कोण, हे घोकत ती दारात बसून राहायची. मलाही आता डेपोत कुणी हसून बोललं तरी वाटतं, हाच असेल का? अकरा वर्षं माझ्या गाडीवर असलेला कंडक्टर धर्माजी, त्याच्याकडेही मी संशयाने पाहिलं. याचीच जास्त लाज वाटते.

तुम्ही जवळ असता तर बरं वाटलं असतं. तुमच्या तोंडाला लगाम नाही, पण मनात काही ठेवत नाही तुम्ही.

आपला,
नानासाहेब

•

डिंगोरे,
१२ ऑगस्ट १९९५

नानासाहेब,
सप्रेम जयभीम.

निनावी पत्राचं ऐकून संताप आला. असली माणसं सगळीकडे असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका आणि धर्माजीशी नीट वागा, तो तसला वाटत नाही. आक्कांनाही म्हणावं, विसरून जा. शेवटी तुमची शिफारसच झाली ना? मग लिहिणाऱ्याने तुमचं भलंच केलं.

इकडची बातमी अशी, की माझी सरासरी वाढली आहे. जूनला पंचेचाळीस होती, जुलैला साडेसेहेचाळीस. डेपो मॅनेजरांनी फळ्यावर माझं नाव वर लिहिलं. झुंबरने ते येऊन पाहिलं आणि दाजींचं किती, असं विचारलं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. कसं वाढलं ते विचारू नका. तुम्ही तुमची युक्ती सांगितली नाही, मी माझी सांगत नाही. मढपर्यंतच्या रस्त्यावर जमत होतंच, आता घाटातही हात बसला आहे.

मार्चपर्यंत तुम्हाला गाठणार.

नवनाथ

•

शिनोली,
२८ डिसेंबर १९९५

प्रिय नवनाथराव,

तुम्हाला पाहून आलो, पण तिथे लोकांच्या गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. खांदा आता कसा आहे?

पेपरातलं कात्रण जानकाने देव्हारा नसलेल्या घरात जिथे मान द्यायचा तिथे, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली लावलं आहे. "घाटात ब्रेक निकामी, चालकाच्या प्रसंगावधानाने बेचाळीस प्रवासी बचावले." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते वाचायला लावते. भरधाव गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून थांबवणं, हे माझ्याच्याने झालं असतं का, याचा मी चार दिवस विचार करतो आहे. झालं नसतं. माझ्या हातून सगळं हिशेबात असेल तेव्हाच होतं. तुमचं धाडस माझ्यात नाही.

म्हणून परवा मी विभागात जाऊन प्रशिक्षकाच्या जागेचा अर्ज मागे घेतला. उपकार समजू नका. घाटात ब्रेक गेल्यावर काय करायचं हे ज्याने करून दाखवलं, त्यानेच पोरांना शिकवावं. साहेबही तेच म्हणाले. वीस फेब्रुवारीपर्यंत चौकशीचा कागद आला, की तुमचं नाव पक्कं होईल.

त्या कागदात तुमच्या डेपोतला सावळेराम मेकॅनिक अडकणार असं दिसतं. आदल्या दिवशी ब्रेक तपासल्याबद्दल त्याची सही होती, त्यामुळे त्याला कामावरून थांबवलं आहे. सही केली म्हणजे जबाबदारी आलीच. तरी वीस वर्षांचा माणूस आहे, जीव हळहळतो.

एक विचारायचं राहिलं. ब्रेक लागेनात तेव्हा तुम्ही गियर कोणता ठेवला होता? पुढे शिकवताना तुम्हाला हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

तुमचा,
नानासाहेब

•

डिंगोरे,
२३ जानेवारी १९९६

नानासाहेब,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पंचवीस दिवस लागले. गियर नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

घाटाच्या माथ्यावरच मी गियर काढला होता. जुलैपासून रोज काढत होतो. त्या दिवशी गाडी भरलेली होती आणि पुढे ट्रक होता, म्हणून पहिल्या वळणापासूनच ब्रेकवर पाय ठेवून उतरलो. अर्ध्या घाटात जळका वास आला. मग पेडल दाबावं तर गाडी ऐकेना. गियर टाकायला गेलो, पण एवढ्या वेगात तो बसेना, नुसते दात घासल्याचा आवाज. तेव्हा गटारात चाक घातलं. ते धाडस नव्हतं, नानासाहेब. मला दुसरं काही सुचलं नाही. एका बाईचा हात मोडला. तिने दवाखान्यात मला हात जोडले, मोडलेल्या हातासकट. मी ते जोडू दिले.

ब्रेक फेल झाला, हे पहिल्यांदा मी म्हटलंच नव्हतं. एक प्रवासी म्हणाला. मी फक्त मान हलवली. मग पोलिसांनी लिहिलं, पेपरात आलं, गावात हार घातले. झुंबरने सगळ्या बायकांत माझं नाव घेतलं आणि त्या दिवशी तुमचं नाव तिच्या तोंडात एकदाही आलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर खरं सांगायला माझी जीभ वळेना. तुमचा अर्ज मागे घेतल्याचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच रागही आला. जिंकलो तर तेही तुम्ही दिलं म्हणून.

गेल्या रविवारी सावळेराम घरी आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याने पिशवीतून माझ्या गाडीचा ब्रेक लायनर काढून ओट्यावर ठेवला. चाकाला घासणारी त्याची बाजू काळी, काचेसारखी गुळगुळीत झालेली. तो म्हणाला, "नवनाथभाऊ, ब्रेक लागलाच नसता, तर ह्यो थंड ऱ्हायला असता. ह्यो जळलाय. म्हंजी लागत व्हता, लई येळ लागत व्हता."

मग तो म्हणाला, "मी कुनाला सांगनार न्हाई. तुमची लेकरं हायेत. लेखी बी काय नको. माझ्या हातून चूक झाली का न्हाई, येवढंच मला सांगा. आता नटाला पाना लावाया बी भ्या वाटतंय."

त्याने चहा घेतला नाही. उत्तराची वाट पाहत तो बराच वेळ बसला आणि मग उठून गेला. जाताना लायनर ओट्यावरच राहिला. मी त्याला हाक मारून सांगू शकलो असतो. अंगणात माणसं होती म्हणून मारली नाही. अजून मला माणसांत मोठंच राहायचं होतं.

काल डेपोत जाऊन मी लेखी जबाब दिला. गाडी न्यूट्रलमध्ये होती, ब्रेक चांगले होते, सावळेरामची चूक नाही. तिथून त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोसमोर तेच पुन्हा सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

झुंबरला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

आता तुमचं राहिलं. ते निनावी पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हाताने लिहिलं आणि आळेफाट्याच्या पेटीत टाकलं. तुम्ही न्यूट्रल करता यावर माझा खरंच विश्वास होता, एवढं माझ्या बाजूने सांगता येतं. पण प्रवाशांच्या काळजीने ते लिहिलं नव्हतं. तुमच्या भिंतीवरचं ते घड्याळ मला सहन होत नव्हतं म्हणून लिहिलं. आक्का जेवल्या नाहीत हे तुम्ही कळवलंत, तेव्हाही मी तुम्हाला धर्माजीशी नीट वागण्याचा सल्ला दिला. ते वाक्य आठवलं की मला माझीच किळस येते.

वीस फेब्रुवारीच्या आत तुमचा अर्ज परत भरा. हे मी मोठ्या मनाने लिहीत नाही. तुम्ही त्या जागेवर बसाल तेव्हा माझ्या पोटात दुखेलच, आतापासूनच दुखतं आहे. पण जागा तुमची आहे.

नवनाथ

•

शिनोली,
११ मार्च १९९६

नवनाथराव,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

सावळेराम कामावर आल्याचं तुम्हाला कळलं असेल. तुमच्या जबाबामुळे तुमची नोकरी वाचली, असं साहेब म्हणाले. दंड आणि उजळणी प्रशिक्षण, एवढ्यावर भागलं. जागेवर माझी नेमणूक झाली आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्या यादीत तुमचं नाव आहे. नातेवाईक असल्यामुळे तुम्हाला दुसऱ्या प्रशिक्षकाकडे देऊ का, असं मला विचारलं होतं. मी नको म्हणालो.

गाडीचं सगळं मी समजू शकतो. न्यूट्रलची चूक मीही पंधरा वर्षं केली, माझं नशीब की तेव्हा माझ्यापुढे ट्रक नव्हता. जबाब द्यायला जे लागतं तेही मला कळतं. त्या पत्राचं मात्र मला गिळता येत नाही. धर्माजीकडे मी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याने ओळखली होती. आता त्याची माफी मागितली, पण तो पूर्वीसारखा बोलत नाही. तुम्हाला माफ केलं असं लिहिलं, तर ते खोटं होईल. करणार नाही असंही लिहीत नाही.

सोमवारी सकाळी आठला मैदानात या. गाडी तुम्ही चालवायची, मी शेजारी बसेन. घाटात नेऊ तेव्हा कोणत्या वळणाला कोणता गियर ते मी सांगेन आणि तुम्ही तसं करायचं. त्याखेरीज दुसरं काही बोलणं मला सध्या जमणार नाही.

जानकाला त्या पत्राचं सांगितलेलं नाही. तुम्ही पहाटेच घरून निघणार, तुमचा दिवसभर उपास घडू नये म्हणून ती दोघांचा डबा एकातच भरून देणार आहे. तेव्हा दुपारी जेवायला आपल्याला एकत्र बसावं लागेल.

नानासाहेब